डाव्या पिळाची पेंढी

शनिवारी दुपारी बारा एकरांतून शेवटची गाडी बाहेर पडली, तेव्हा शेताच्या मधोमध एकच पेंढी उभी राहिली. राखण पेंढी. ती उभी आहे तोवर त्या शेतात कुणी पाय टाकायचा नाही, हा आमच्याकडचा शिरस्ता. सोमवारी सकाळी ती उचलली जाणार, थर्झा केरिज फाटकावर पितळेची घंटा वाजवणार, आणि मगच गावातल्या बाया एप्रनची ओटी करून सरवा वेचायला आत शिरणार. सांडलेली प्रत्येक ओंबी वेचणारीची. पण घंटेनंतरची.

त्याच दुपारी स्टेशनवरच्या गाडीवाल्यानं केरिजांच्या अंगणात एक खोकं उतरवलं. दार काढून आडवं निजवावं एवढं. सोबत काळ्या किनारीचं पत्र.

पत्र सुनेनं वाचलं, कारण घरात न अडखळता वाचणारी ऑनर एकटीच. चित्रकार मिस्टर हॅविल वसंतात वारले, असं त्यांच्या बायकोनं कळवलं होतं. अठराशे अठ्ठ्याऐंशीच्या सुगीत तुमच्या गावी काढलेलं चित्र लंडनच्या प्रदर्शनात लागलं होतं, पण कुणी घेतलं नाही. बायकांचे हात फार राबलेले दिसतात, असं बघणारे म्हणत. जाताना हे सांगून गेले, ज्यांचं आहे त्यांच्याकडे जाऊ दे.

थर्झानं पत्र संपेपर्यंत बटाटे सोलायचं थांबवलं नाही. मग म्हणाली, "तिचा चेहरा आहे का त्यात?"

"तसं काही लिहिलेलं नाही, आई."

"असणार. त्यानं तिचा चेहरा घेतला होता आणि फीबीची पाठ."

ही घरातली जुनी थट्टा होती, आणि चौदा वर्षांत ती कुणी केली नव्हती. कारण तिच्यात 'ती' होती. ती म्हणजे केझाया, केझी, थर्झाची थोरली लेक, फीबीची मोठी बहीण. डावरी. त्या सुगीत एकोणीस वर्षांची होती. राखण पेंढी उभी असताना, घंटेच्या आधी, पहाटे कुणीतरी बारा एकरांत शिरून एक कोपरा वेचून नेला, आणि कुंपणामागं लपवलेली जुडी सापडली, ती डाव्या पिळानं बांधलेली. गावात डावरी एकच. केझीचा बाप जेबेझ त्या वर्षी सुगीचा लॉर्ड होता. तीस वर्षं तोच होता. लॉर्ड म्हणजे कापणाऱ्यांच्या रांगेत पहिला. तो विळा फिरवेल त्या ठेक्यावर बाकीच्यांनी फिरवायचा, आणि भांडणतंटा झाला तर शेवटचा शब्द त्याचा. त्यानं लेकीला फाटकापाशी सगळ्या बायांसमोर उभं केलं आणि विचारलं, तू केलंस की नाही? केझी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "मग उत्तर सुचेल तेव्हा घरी ये," जेबेझ म्हणाला. आठवड्यात येईल असं त्याला वाटलं होतं. ती समुद्रकाठच्या लोस्टॉफ्टला हेरिंग मासे साफ करायच्या कामाला गेली, आणि तिचं नाव घरात घ्यायचं बंद झालं.

तिचा फोटो नव्हता. फोटो काढून घेणारी माणसं आम्ही नव्हे. थर्झाला तिचा आवाज आठवे, चालणं आठवे, पण गेल्या एकदोन वर्षांत नाक आठवेना. डोळे मिटले की केझीच्या चेहऱ्यावर फीबीचं नाक येऊन बसे. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच. लेकीचं नाक विसरलेय म्हणून काय सांगायचं?

जेबेझनं बाहेरूनच खोक्याभोवती एक चक्कर मारली. "परत पाठवा," म्हणाला. "ती या घरात यायची नाही. रंगातलीसुद्धा नाही."

"उद्या जेवायला फीबी आणि तिचा नवरा यायचेत," थर्झा म्हणाली. "सगळे मिळून ठरवू."

"ठरवायचं काय त्यात?"

"ते उद्या कळेल," असं म्हणून तिनं बटाटे चुलीवर ठेवले.

*

ऑनरचं फीबीशी पटत नसे. याची कारणं बरीच होती, आणि त्यातली निम्मी पडद्यांवरून होती. फीबी गिरणीवाल्या पॅलंटला दिलेली. तिच्याकडे बैठकीची खोली होती, जिच्यात कुणी बसत नसे. ऑनरकडे स्वयंपाकघर होतं, ज्याच्यात सगळेच बसत.

म्हणून रविवारी, डुकराचं उकडलेलं मांस आणि पिठाचे गोळे पानात पडायच्या आत फीबी म्हणाली, "चित्र मी नेते. इथं भिंत कुठाय एवढी?" तेव्हा ऑनरला वाटलं, आली. खोलीत लावायला हवंय. पाहुण्यांना दाखवायला.

"आणि खोकं तिकडेच उघडू," फीबी पुढं म्हणाली. "बाबांना उगाच त्रास नको."

हे मात्र ऑनरला चमत्कारिक वाटलं. बाबांच्या त्रासाची काळजी फीबीला यापूर्वी कधी सुचली नव्हती.

"बघू तरी आधी," ऑनर म्हणाली. "मी तर तुमच्या केझीला पाहिलेलंच नाही."

नाव तोंडातून पडलं. टेबलावरचे सगळे काटे एकदम थांबले. ऑनरचा नवरा एमॉस आपल्या ताटात एखादी ओळखीची वस्तू हरवल्यासारखा बघत राहिला. पॅलंट तेवढा खात होता. तो सावकाश माणूस, गिरणीचा दगड चालतो तसा चालायचा, आणि घास तोंडात असताना कौटुंबिक गोष्टींत पडायचा नाही.

"सुनेला सांगा कुणीतरी," जेबेझ भिंतीकडे बघत म्हणाला.

"काय सांगायचंय?" थर्झा म्हणाली. तिनं चमचा खाली ठेवला. "जेबेझ, पंचेचाळीस वर्षं तू म्हणशील त्या दिवशी मी गहू बांधायला घेतला. तू म्हणशील तेव्हा थांबले. मला ते चित्र बघायचंय. बघून झालं की खुशाल परत पाठव, नाहीतर चुलीत घाल. पण मला तिचं नाक बघायचंय."

नाक का, हे कुणाला कळलं नाही. पण सगळ्या आयुष्यात थर्झानं 'मला' हा शब्द इतक्यांदा एका दमात उच्चारला नव्हता, एवढं कळलं.

जेबेझ बराच वेळ हनुवटी चोळत होता. मग त्यानं अडचण काढली, की आज रविवार, प्रभूच्या दिवशी हातोडा चालवायचा नाही.

"हातोडा नको," एमॉस म्हणाला. तो क्वचित बोले आणि बोलला की कामाचं बोले. "खिळे उपटायचे तर पकड लागते. पकडीबद्दल धर्मोपदेशक काही बोललेले नाहीत."

फीबीनं पिठाचा गोळा अर्धा कापला आणि तसाच ठेवला.

*

चित्र कोठारात उघडलं, कारण घरात ते उभं राहीना. पीठ ठेवायच्या पेटीवर टेकवलं तेव्हा कोठाराचं दार पूर्ण उघडावं लागलं, आणि दुपारचं ऊन आत आलं. बारा एकर समोर होतंच, कापलेलं, आत मधोमध ती एक पेंढी. आणि इथं पेटीवर तेच बारा एकर, न कापलेलं.

थर्झा पुढं गेली. उन्हापासून डोळ्यांवर हात धरून उभी असलेली मुलगी डावीकडे होती. निळा झगा, बाह्या वर केलेल्या, तोंड अर्धवट उघडं, जणू कुणीतरी लांबून हाक मारलीय आणि ती ओ देणार आहे. थर्झानं बोट हवेतच, रंगाला न लावता, त्या नाकावरून हलकं फिरवलं. टोकाशी जरासं वर वळलेलं. हो. असंच होतं. विसरले कशी मी?

जेबेझ दाराशी पाठ करून उभा होता. पण पाठ करून किती वेळ उभं राहणार? त्या चित्रात तोही होता.

"ढग कुठले काढलेत हे?" तो वळून म्हणाला. "त्या सुगीत पंधरा दिवस ढगाचा ठिपका नव्हता."

तो आणखी जवळ आला. रांगेत त्याला दुसरा दाखवला होता, पहिला बेन लार्टर. लॉर्ड दुसरा कसा असेल? आणि बायका इतक्या जवळून बांधत नाहीत, विळ्याचं पातं पायाला लागेल. मग त्याची नजर स्वतःवर पडली, आणि तो थोडा नरमला. चित्रातला जेबेझ काळा रविवारचा कोट घालून गहू कापत होता.

हीही जुनी गोष्ट. लंडनचा माणूस आपल्याला रंगवणार म्हणून पहिल्या दिवशी सगळे पुरुष चॅपेलचे कोट घालून, दाढ्या करून, विळे खांद्यावर टाकून आले. हॅविलनं कपाळाला हात लावला. बाकीच्यांनी कोट उतरवले. जेबेझनं नाही उतरवला. रंगवणार असशील तर नीट रंगव, म्हणाला, आणि तीन आठवडे ऑगस्टच्या उन्हात कोटात उभा राहिला.

"कोट बरा आलाय," जेबेझ म्हणाला. मग नाक कापडाला लागेल इतका वाकला. "हे बघ थर्झा. खालून दुसरं बटन. तुटलेलं. तेही सोडलं नाही बेट्यानं."

थर्झा हसली. एमॉसही हसला. ऑनरला वाटलं, झालं, जमलं. आता लागेल हे कुठंतरी.

आणि तसाच वाकलेला जेबेझ एक पाऊल उजवीकडे सरकला, जिथं फीबीची पाठ होती.

फीबी सोळा वर्षांची, गुडघा पेंढीवर रोवून बांधताना. चेहरा दिसत नाही. तांबडी वेणी खांद्यावरून खाली आलेली. तिचे हात मात्र पुढं, उजेडात. कसणी ओढून, पिळून, टोक आत खोचताना.

जेबेझ बघत राहिला. गहू बांधताना चार काड्यांची कसणी कशी पिळायची हे प्रत्येकीचं वेगळं असतं. तीस वर्षं तो संध्याकाळी शेतातून फिरायचा आणि पेंढ्यांकडे बघून सांगायचा, ही लार्टरबाईची, ही हॅनाची, ही घाईत बांधलेली, ही भांडण झाल्यावर बांधलेली. माणसांच्या सह्या बघतात तसा तो पीळ बघायचा.

"हा डावा आहे," तो म्हणाला.

कोठारात एक मोठी माशी गुणगुणत होती, तिचा आवाज एकदम मोठा झाला.

"ही फीबी आहे," जेबेझ सावकाश म्हणाला, "आणि पीळ डावा आहे."

एमॉसनं बहिणीकडे पाहिलं, आणि लगेच खाली. "चित्रकाराची चूक असेल, बाबा. त्याला काय कळतंय पिळातलं? लंडनचा माणूस."

ती पळवाट होती, आणि चांगली रुंद होती. सगळ्यांना ती दिसली. ऑनरला दिसली. थर्झाला दिसली. जेबेझनंही मान थोडी हलवली, त्यालाही आत शिरायचं होतं. ढग चुकले, रांग चुकली, पीळही चुकला असेल. आता फक्त फीबीनं हो म्हणायचं होतं.

फीबी चित्राकडे बघत होती. तिला कापडावरची पाठ दिसत नव्हती. तिला ती दुपार दिसत होती. केझी मागं गुडघ्यावर बसलेली, तिच्या दोन्ही बगलांतून हात घालून, तिच्या हातांवर आपले हात ठेवून शिकवत होती. मिस्टर हॅविलना हात उजेडात हवे होते, आणि उजव्या पिळात ते झाकले जात. असं नाही गं मूर्खे, उलटं, दूध ढवळल्यासारखं. आणि दोघी हसत होत्या. हा माणूस वेडा आहे, केझी कानात म्हणाली होती, पेंढी बांधताना एवढं कोण बघत बसतं?

"चूक नाही," फीबी म्हणाली. "बटन चुकलं नाही, तर हे कसं चुकेल?"

"फीबी," एमॉस म्हणाला.

"थांब रे. केझीनंच शिकवला मला. आठ दिवस रोज चार तास मी तसंच बांधत होते, त्याच्यासाठी. आणि त्या वर्षी आई तापानं आडवी होती. घंटा लार्टरबाईकडे गेली होती, आठवतं? हिवाळ्याचं पीठ आपलं सगळं सरव्यावर, आणि वेचायला आम्ही दोघीच. म्हटलं, एक कोपरा. पहाटे कोण बघतंय. बांधताना मी काही ठरवलं नव्हतं. हातांना आठ दिवस तेच वळण पडलं होतं, ते तसेच चालले." ती थांबली. "जुडी सापडली तेव्हाच मला कळलं, मी कशी बांधलीय ते."

"आणि तिला?" जेबेझनं विचारलं.

"तिला लगेच कळलं. फाटकापाशी तुम्ही विचारलंत, तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. मी सांगीन म्हणून वाट बघत होती. मी माझ्या बुटांकडे बघत होते."

इतका वेळ गप्प असलेला पॅलंट पुढं आला. गिरणीच्या दगडाला फिरायला लागायला वेळ लागतो, पण मग तो नीट फिरतो. "दर सुगीनंतर मी सरव्याचा गहू दळायला घेतो," तो म्हणाला, "आणि तू चार दिवस माडीवर जाऊन बसतेस. डोकं दुखतं म्हणतेस. ते हे का?" आणि खिशातला पिठाळ रुमाल काढून त्यानं तिच्या हातात दिला. तिनं तोंड पुसलं तशी कपाळावर पिठाची रेघ उमटली. ऑनरला एरवी हसू आलं असतं. तिनं पुढं होऊन आपल्या एप्रनच्या टोकानं ती पुसली.

जेबेझ थर्झाकडे वळला. "तुला ठाऊक होतं."

तो प्रश्न नव्हता. थर्झा पिठाच्या पेटीच्या कडेवर बसली. पाठीमागं निळ्या झग्यातली केझी उभी, जणू आईच्या डोक्यावरून लांब बघतेय.

"ताप होता, पण आंधळी नव्हते. त्या दिवशी हिच्या झग्याचा काठ ओला होता. दवानं. मीच धुतला." तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "तू एकीला फाटकाबाहेर काढलंस. मी बोलले असते तर तू काय केलं असतंस?"

जेबेझनं उघड्या दारातून बारा एकरांकडे पाहिलं.

"दुसरीलाही काढलं असतंस. तू तसा होतास. खरा माणूस होतास, आणि म्हणूनच भीती वाटायची तुझी. मला दोन मुली होत्या, जेबेझ. मी हिशोब नाही केला, मी घाबरले. फीबीला कधी विचारलं नाही, आणि केझीला कधी परत आणलं नाही. जेवढं तुझं पाप, तेवढं माझं."

फीबी आईकडे बघत राहिली. चौदा वर्षं ती जे एकटीनं वाहत होती असं तिला वाटत होतं, त्याचं दुसरं टोक सगळा वेळ आईच्या हातात होतं.

*

जेबेझ चहा न घेता निघाला. रविवारचा कोट अंगात होता, तोच, बटन आता लावलेलं. शेतमालक मिस्टर गॅरडच्या मोठ्या घराच्या पुढच्या दारानं तो आयुष्यात कधी गेला नव्हता. आजही मागच्या दारानंच गेला, पण आत जाऊन उभा राहिला. सत्तावन्न वर्षं त्या शेतात राबून त्यानं मालकाकडे कधी काही मागितलं नव्हतं. हे मागणं त्याला मांडता येईना. टोपी हातात फिरवत तो म्हणाला की राखण पेंढी उद्या उचलू नये, परवा उचलावी. का, तर एकजण यायचंय.

गॅरडनं विचारलं, पाऊस आला तर? सरवा भिजेल, बायका ओरडतील.

"त्यांना मी सांगतो," जेबेझ म्हणाला. "म्हणजे मी नाही. माझी लेक सांगेल."

पुढच्या सुगीला गॅरड बांधणारं यंत्र आणणार होता, हे गावाला ठाऊक होतं. यंत्र सुतळीनं बांधतं, सगळ्या पेंढ्या एकसारख्या. कदाचित म्हणूनच तो फार वेळ विचार न करता बरं म्हणाला.

घरी आल्यावर जेबेझ एमॉसला म्हणाला, उद्या पोस्ट उघडल्या उघडल्या तार कर. पत्ता ऑनरकडून घे.

ऑनरनं किटली खाली ठेवली. सहा वर्षं ती सासूसाठी गुपचूप लोस्टॉफ्टला पत्रं लिहीत होती.

"माझ्याकडे... तुम्हाला कसं..."

"नाताळात तिकडून पत्र आलं की तुझी सासू दोन दिवस कशातच मीठ घालत नाही," जेबेझ म्हणाला. "सहा वर्षं अळणी खातोय मी."

"मग बोलला का नाहीत?"

"कोण बोललंय या घरात?"

तारेत काय लिहायचं, यावर बराच वाद झाला. थर्झाला आशीर्वाद घालायचे होते, ऑनरला सगळं समजावून सांगायचं होतं. जेबेझनं सांगितलं ते एमॉसनं लिहून घेतलं: उत्तर मिळालं. घरी ये. बाबा.

*

सोमवारी आठ वाजता बायका फाटकाशी जमल्या. पिशव्या, पोरं, थंड चहाच्या बाटल्या. राखण पेंढी उभीच. थर्झाच्या हातात घंटा, पण घंटेची जीभ मुठीत धरलेली. फीबी फाटकाच्या खालच्या फळीवर चढली, तिथेच, जिथं केझीला उभं केलं होतं. एका बाजूला पॅलंट. दुसऱ्या बाजूला, कुणी सांगितलेलं नसताना, ऑनर येऊन उभी राहिली.

फीबीनं चार वाक्यांत सांगितलं. त्यातल्या अर्ध्या बायका चौदा वर्षांपूर्वीही तिथं होत्या. त्यांनीच तेव्हा मानेनं केझीला रस्ता दाखवला होता. सगळ्यांत म्हाताऱ्या लार्टरबाईनं आभाळाकडे पाहिलं, पश्चिमेकडे ढग होते, आणि पिशवी उलटी करून कुंपणाखाली पसरली. "बसा गं," म्हणाली. "उद्या तर उद्या. आपल्यापेक्षा ती जास्त थांबलीय." एकदोघी पुटपुटल्या, ज्यांना लहान पोरं होती. पण कुणी फाटक ओलांडलं नाही. फीबीशी त्या दिवशी कुणी फारसं बोललं नाही. पण मंगळवारी सकाळी तिच्या वाट्याचा चहा कुणीतरी बाटलीत आणून ठेवलेला होता.

पाऊस आला नाही. तेवढं मात्र प्रभूनं सांभाळलं.

केझी मंगळवारी दहाच्या गाडीनं आली. स्टेशनपासून चालतच. तेहतीस वर्षांची, अंगानं भरलेली, बोटांना मीठ आणि सुऱ्यांच्या जुन्या चिरा, आणि नाक टोकाशी वर वळलेलं. थर्झानं ते लांबूनच पाहिलं आणि घंटा आपसूक एकदा वाजली, टण्णकन. बायका उठायला लागल्या, तिनं पटकन घंटेची जीभ धरली.

जेबेझ फाटकाच्या खांबाला धरून उभा होता. दोन दिवस त्यानं वाक्यं जुळवली होती. ती सगळी आता इकडंतिकडं झाली.

"उत्तर..." तो म्हणाला, आणि तिथंच अडकला.

"मिळालं म्हणे," केझी म्हणाली. तिनं त्याच्या पलीकडे फीबीला पाहिलं. फीबी आज बुटांकडे बघत नव्हती. मग केझी म्हणाली, "जाड झालीस गं." फीबी रडायला लागली, पण त्या शब्दामुळं नव्हे.

पेंढी उचलायचा मान त्या वर्षी केझीचा, असं न ठरवताच ठरलं होतं. ती सड तुडवत एकटी शेताच्या मध्यावर गेली. बाकी सगळे फाटकाशी. तिनं पेंढीच्या कसणीला हात घातला आणि थबकली. वाकून बघितलं. बोटानं टोक ओढून पाहिलं, तर ते हातातच आलं.

"हे कुणी बांधलंय?" तिनं तिथूनच ओरडून विचारलं. "चुकून हात लागला तरी सुटेल."

शनिवारी ती पेंढी लार्टरबाईनं बांधली होती, उजव्या पिळानं, घट्ट. म्हाताऱ्या लार्टरबाईनं तोंड उघडलं आणि जेबेझकडे पाहून मिटलं. आमच्याकडे पुरुष कापतात आणि बायका बांधतात. सत्तावन्न सुग्यांत जेबेझ केरिजनं एक पेंढी बांधलेली नव्हती. काल संध्याकाळी तो शेतातून बराच उशिरा घरी आला होता, गुडघ्याला माती, आणि काड्यांनी बोटं कापलेली.

कसणीचा पीळ डावा होता. चुकीचा, सैल, दोनदा उलगडून पुन्हा केलेला, पण डावा.

केझीनं फाटकाकडे पाहिलं. त्या काळ्या कोटाकडे. उन्हापासून डोळ्यांवर हात धरून, तोंड अर्धवट उघडं. मग ती खाली बसली, गुडघा पेंढीवर रोवला, बापाची कसणी सोडवली, त्याच काड्या ओल्या करून पुन्हा पिळल्या, आणि टोक आत खोचलं.

"आता वाजव, आई," ती म्हणाली, आणि पेंढी खांद्यावर घेतली.